खेळाचं सोवळं

नोव्हेंबर 1938 मध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड डब्लिनला आयर्लंड-पोलंड फुटबॉल सामना पाहायला गेले आणि हर्लिंग, गेलिक फुटबॉल या देशी खेळांच्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आयरिश भाषेसाठी हयात वेचलेला हा माणूस. पण परका खेळ पाहिला, बाटला! सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट खेळणाऱ्या-पाहणाऱ्या सभासदांवरची ही बंदी 1971 मध्ये उठली. सोवळं मात्र सुटलं नाही.

कट्टर हर्लिंगवाल्याला सॉकर हा ब्रिटिश छावणीतला खेळ वाटतो, तर सॉकरवाल्याला गेलिक फुटबॉल म्हणजे गावंढळांची धक्काबुक्की. रग्बीवर डब्लिनच्या महागड्या शाळांचा शिक्का आहे. लिमरिकमध्ये तोच खेळ गोदी कामगारांचा. (हे डब्लिनकरांना ऐकवायला लिमरिककरांना फार आवडतं.) सर्वांत कडवट असतो देशी सॉकर लीगचा निष्ठावंत. पावसात भिजत तो गावचा संघ पाहतो आणि मँचेस्टर, लिव्हरपूलच्या वाऱ्या करणाऱ्या शेजाऱ्याला तुच्छ लेखतो. सगळ्या तुच्छतांत ही एकच मला थोडी रास्त वाटते.

1920 मध्ये असोसिएशनच्या ज्या क्रोक पार्क मैदानावर गेलिक फुटबॉलच्या सामन्यात ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, तिथेच 2007 मध्ये इंग्लंडचा रग्बी संघ उतरला. इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं, प्रेक्षकांनी ते शांतपणे ऐकलं. आयर्लंड 43-13 असं जिंकलं. रग्बीचं लॅन्सडाउन रोडचं मैदान नव्याने बांधून होईपर्यंतचीच परक्या खेळाला ही सवलत होती. भाड्याचा विचारही त्यात असणारच. तरी असोसिएशनने तेव्हा दार उघडलं, हे योग्यच केलं.