लामत्यापासून मडगावपर्यंत एकच विभाग, पण हंगाम कुठे?

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील लामता हे गाव गोव्यातील फारच थोड्या वाचकांना ठाऊक असेल. गोंदियाहून जबलपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे ते एक लहान स्थानक. २०१५ पर्यंत या मार्गावर सातपुड्याच्या जंगलातून नॅरोगेजची छोटी गाडी धावत असे. आता तेथे ब्रॉडगेज आले आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. गोंदियाला लागून असलेल्या या जिल्ह्यातील अनेक घरांत आजही मराठी आणि पोवारी कानावर पडते. मडगावपासून लामता सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरच्या आसपास भरते. असे असूनही, महाविद्यालयीन फुटबॉलच्या नकाशात लामत्याचा विद्यार्थी आणि मडगावचा विद्यार्थी हे शेजारी आहेत. दोघेही असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संघटनेच्या पश्चिम विभागात मोडतात.

या संघटनेची मुळे १९२५ सालच्या आंतरविद्यापीठ मंडळात आहेत. विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धांसाठी तिने देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार विभाग पाडले. पश्चिम विभागात गोवा, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश येतात. म्हणजे श्रीगंगानगरच्या वाळवंटापासून काणकोणच्या किनाऱ्यापर्यंतचा प्रदेश. फुटबॉलमध्ये प्रत्येक विभागाची स्पर्धा एखाद्या यजमान विद्यापीठाच्या मैदानांवर भरते. पहिल्या फेऱ्या बाद पद्धतीने होतात, अखेरचे चार संघ आपसात साखळी सामने खेळतात आणि तेच चौघे अखिल भारतीय स्पर्धेला जातात. कागदावर ही रचना नेटकी दिसते. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले की तिचे खरे स्वरूप कळते.

समजा, विभागीय स्पर्धेत ६४ संघ उतरले. पहिल्या फेरीत ३२ संघ एकच सामना खेळून परतीच्या गाडीत बसतील. दुसऱ्या फेरीअखेर आणखी १६ संघ त्यांच्या मागे जातील. ६४ पैकी ४८ संघांचा, म्हणजे तीन चतुर्थांश खेळाडूंचा, वर्षभराचा आंतरविद्यापीठ फुटबॉल एका किंवा दोन सामन्यांत आटोपतो. विभागाचे विजेतेपद पटकावणाऱ्या संघाच्या वाट्यालाही जेमतेम सात सामने येतात, आणि तेही बहुधा लागोपाठच्या दिवसांत, थकलेल्या पायांनी. याला हंगाम म्हणणे अवघड आहे. पराभवानंतर आठवडाभर सराव करून पुढच्या शनिवारी चूक सुधारण्याची जी संधी फुटबॉलपटूला घडवते, ती या रचनेत मुळातच नाही.

या एका सामन्यासाठी होणारा प्रवास मात्र मोठा असतो. २०१९ मध्ये छिंदवाड्यात नवे विद्यापीठ स्थापन झाले आणि बालाघाटची महाविद्यालये त्याच्याकडे सोपवण्यात आली. त्याआधी ती जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे लामत्याच्या मुलाला आधी आपल्या महाविद्यालयाच्या संघात, मग विद्यापीठाच्या निवड चाचणीत आणि त्यानंतर कुठल्याशा दूरच्या शहरातील विभागीय स्पर्धेत पोहोचायचे असते. लामत्याच्या कितीतरी जवळचे गोंदिया नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येते, पण तेथील महाविद्यालयांशी त्याचा नियमित सामना होण्याची सोय नाही. नागपूर आणि शेजारच्या कामठीत फुटबॉलची जुनी परंपरा आहे. तिचा उपयोग राज्याच्या सीमेपलीकडच्या या मुलाला होत नाही. त्यात मार्च २०२० मध्ये रेल्वेने खेळाडूंसह अनेक गटांच्या भाडेसवलती थांबवल्या. तेव्हापासून लहान विद्यापीठांना पथक पाठवताना तिकिटांचा हिशेब अधिकच बारकाईने करावा लागू लागला.

गोव्याच्या टोकालाही हीच विसंगती आहे, फक्त दिशा वेगळी. मडगावहून कारवार सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. कारवारची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न असल्याने दक्षिण विभागात जातात. बेळगावचेही तसेच. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या संघात निवडला गेला तरच गोवा विद्यापीठाच्या समोर उभा राहील. आणि कोल्हापूर, जेथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भर उन्हात हजारो प्रेक्षक खेचतात, त्या शहराचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागातच आहे. तरी सोडतीची चिठ्ठी जुळल्याखेरीज गोव्याच्या मुलांची त्यांच्याशी गाठ पडत नाही. शेजाऱ्याशी खेळायचे असेल तर ते मैत्रीपूर्ण सामन्यापुरतेच उरते.

विभाग हा शब्द ऐकताना अमेरिकेतील ‘कॉन्फरन्स’ची आठवण येते, आणि तुलना उद्बोधक आहे. तेथे महाविद्यालयीन ‘फुटबॉल’ म्हणजे हाताने चेंडू फेकण्याचा त्यांचा स्वतःचा खेळ, पण प्रश्न खेळाचा नसून रचनेचा आहे. १८९६ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील सात विद्यापीठे एकत्र आली आणि त्यातून आज ‘बिग टेन’ नावाने ओळखली जाणारी परिषद उभी राहिली. कोण खेळण्यास पात्र, शिक्षणाशी खेळाचा मेळ कसा घालायचा, हे या शेजाऱ्यांनी आपसात ठरवले. पुढे अशा परिषदा देशभर झाल्या. दर शरद ऋतूत परिषदेतील आठ-नऊ ठरलेले सामने, आठवड्याला एक, एकदा आपल्या मैदानावर तर एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. हरलेला संघही पुढच्या शनिवारी मैदानात असतो. पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे, गावोगावची गर्दी, विद्यार्थ्यांची वाद्यपथके हे सारे या नियमिततेतून जन्मले.

अलीकडे मात्र दूरचित्रवाणीच्या पैशाने या शेजाराचीच मोडतोड केली. बिग टेनमध्ये आता १८ विद्यापीठे आहेत आणि ती न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरली आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड विद्यापीठ २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या परिषदेत खेळते. पश्चिम किनाऱ्याची शतकभर जुनी परिषद त्या वर्षी दोन सदस्यांवर आली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली असून पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. भारतीय पश्चिम विभागाचा नकाशा जितका अवाढव्य आहे, तितकाच त्यांचा होऊ घातला आहे. फरक एवढाच की त्यांच्या खेळाडूंसाठी विमाने आहेत आणि आपल्या खेळाडूंसाठी स्लीपरचा डबा. अमेरिकेचा पैसा आणण्याची भाषा येथे निरर्थक ठरेल. घेण्यासारखे आहे ते १८९६ चे शहाणपण.

मग इतक्या वर्षांत ही बाद पद्धत बदलली का नाही? खर्च आणि परीक्षा ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत. पण आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी होते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील क्रीडा कोट्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू पात्र धरला जातो. अनेक राज्यांच्या भरतीतही या प्रमाणपत्राला वजन आहे. ते मिळवण्यासाठी पंधरा सामने खेळण्याची अट नाही. पथकात नाव असणे आणि स्पर्धेत उतरणे पुरते. विद्यापीठाला पथक पाठवल्याचे समाधान, विद्यार्थ्याला कागद आणि यजमानाला यशस्वी आयोजनाचा अहवाल मिळतो. सर्वांची गरज भागते, म्हणून कोणाची तक्रार नाही. लामत्यासारख्या गावातून आलेल्या मुलासाठी तो कागद पोलीस भरतीत किंवा रेल्वेत दार उघडू शकतो, तेव्हा त्याला तुच्छ लेखणे हा शहरी उद्दामपणा होईल. तथापि कागदाची किंमत ज्या खेळावर आधारलेली आहे तो खेळच नव्वद मिनिटांत संपत असेल, तर या व्यवहारात फुटबॉलच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

मध्य प्रदेशात गुणवत्तेचा दुष्काळ आहे असेही नाही. शहडोल जिल्ह्यातील विचारपूर या आदिवासी गावाचा उल्लेख पंतप्रधानांनी २०२३ मध्ये आपल्या आकाशवाणीवरील भाषणात केला आणि ‘मिनी ब्राझील’ हे नाव देशभर झाले. गावातील मुले-मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातात. अठराव्या वर्षानंतर मात्र खासगी क्लबचा करार मिळालेले एखाददुसरे सोडले तर बाकीच्यांना नियमित सामने देणारी जागा कोणती, याचे उत्तर महाविद्यालय असायला हवे होते.

गोव्यात हा प्रश्न आजवर टोचला नाही, कारण येथे क्लब होते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोलीत चेंडू आणला असे मानले जाते, आणि तेव्हापासून गाव, चर्च, खाण आणि उद्योगसमूह यांनी हा खेळ पोसला. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी राष्ट्रीय विजेतेपदे आणली. महाविद्यालयाच्या संघाकडे कोणी भविष्य म्हणून पाहिले नाही. २०१२ मध्ये फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून घोषित झाला. चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे परतला, पण तोवर एका पिढीची शिडी मधूनच मोडली होती.

२०२५ ने दुसरा धडा दिला. फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीगचे आयोजक यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. नवा ठरेना म्हणून जुलैतच हंगाम स्थगित झाला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सौदीचा अल नासर संघ आला. एफसी गोवा १-२ असा हरला, पण गोव्याचा गोल ब्रिसन फर्नांडिस या गोमंतकीय मुलाने केला. आशियाई स्पर्धेतील त्या रात्रीचा अभिमान खराच आहे. परंतु त्या वेळी देशांतर्गत लीग केव्हा सुरू होईल हे मैदानावरच्या एकाही भारतीय खेळाडूला सांगता येत नव्हते. वरच्या स्तरावर अशी अनिश्चितता असताना अठरा ते बावीस वयोगटातील मुलांचे पालक फुटबॉलवर किती विश्वास ठेवतील? महाविद्यालयात राहून, पदवी हातची न घालवता गंभीर फुटबॉल खेळण्याचा मार्ग असेल तर हा निर्णय इतका जीवघेणा राहत नाही. मुलींच्या बाबतीत तर त्याची गरज अधिक आहे, कारण त्यांच्यासाठी क्लबांची संख्या मुळातच तोकडी आहे.

आणि असा मार्ग आखण्यास गोव्याइतके सोयीचे राज्य दुसरे नाही. पेडणे ते काणकोण हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळची तासिका करून दुपारी निघालेला संघ सामना खेळून रात्री घरी पोहोचू शकतो. आठ महाविद्यालयांची एकेरी साखळी घेतली तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात आणि सारे काम सात शनिवारांत होते. दुहेरी साखळीत सामने चौदा होतात आणि दोन सत्रांत ते आरामात बसतात. म्हणजे सर्वांत तळाच्या महाविद्यालयालाही पश्चिम विभागाच्या विजेत्याइतके किंवा त्याच्या दुप्पट सामने घराजवळ मिळतील. म्हापशाचे धुळेर, वास्कोचे टिळक मैदान, गावोगावची पंचायतीची मैदाने उपलब्ध आहेत. केरळने २०२५ मध्ये महाविद्यालयांची लीग फुटबॉलपासूनच सुरू केली आणि त्यासाठी कालिकत विद्यापीठाची मैदाने निवडली. आंतरविद्यापीठ फुटबॉलमध्ये त्या विद्यापीठाचा दबदबा अनेक दशकांचा आहे, हा योगायोग नव्हे.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. चांगले खेळाडू क्लबांकडे नोंदलेले असतात. शनिवारी महाविद्यालयासाठी आणि रविवारी क्लबसाठी खेळल्यास दुखापत ठरलेली. त्यावर गोवा फुटबॉल संघटना आणि विद्यापीठ यांना वेळापत्रक एकत्र बसूनच आखावे लागेल. हजेरीचा ७५ टक्क्यांचा नियम, पंचांचे मानधन, मैदानावर रुग्णवाहिका, विमा या बाबींसाठी नेमका पैसा कोणाच्या खात्यातून येणार हे ठरवल्याशिवाय पहिली शिट्टी वाजू नये. बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा एकच शिक्षक असतो आणि ॲथलेटिक्सपासून बुद्धिबळापर्यंत सारे त्याच्याच गळ्यात असते. त्याला आणखी चौदा शनिवार द्यायला सांगताना त्याचा कार्यभार कमी करावा लागेल. अनेक प्राचार्य येथेच हात वर करतील.

पश्चिम विभागाची फेररचना ही गोव्याच्या हातची गोष्ट नाही. विभागांतर्गत उपविभाग करून गोवा, कोल्हापूर आणि कोकण यांना, तसेच बालाघाट, गोंदिया आणि नागपूर यांना आधी आपसात साखळी खेळू द्यावी, असा प्रस्ताव मात्र गोवा विद्यापीठ त्या संघटनेपुढे ठेवू शकते. कारवारला विभागाची रेघ ओलांडून खेळता यावे, हे मागणे अधिक कठीण. राज्यापुरती साखळी सुरू करण्यास दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. विद्यापीठांची क्रीडा वेळापत्रके नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर, पावसाळ्याआधी आखली जातात. महाविद्यालयांची संमती, मैदानांची यादी आणि क्लबांशी बोलणी त्याआधीच उरकली, तरच पाऊस ओसरल्यावर येणारा पहिला शनिवार हाती लागेल.