आजीचा अंगठा

आपल्या भंडारा जिल्ह्यात विड्या वळणारे हात खूप. माझ्या वर्गातल्या एकीची आजी त्यांतलीच. रेशनच्या दुकानात यंत्रावर तिने तीनदा अंगठा टेकवला, तीनदा नापास! आयुष्यभर तेंदूपाने हाताळून रेषाच झिजलेल्या. परवा नात सोबत गेली, मोबाइलवर आलेला आकडा वाचून दाखवला, तेव्हा कुठे तांदूळ मिळाले.

‘आधार’ची सुरुवात २०१० साली नंदुरबारच्या टेंभली गावात झाली. आता चेहरा ओळखणारे यंत्रही आलेय. चेहऱ्याची ठेवण ते जुन्या फोटोशी ताडून पाहते. आजीला सोयीचेच! पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहऱ्याचे काय कराल? अठरा वर्षांखालच्यांची माहिती घेताना पालकांची संमती घ्यावी, असे २०२३ च्या कायद्यात लिहिले आहे. तुम्हाला कुणी विचारले होते का?