चाळिशीनंतर गावाकडून कोडिंग करायचंय? आधी सॉफ्टवेअरचं लायसन्स वाचा

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जवळपास १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कात्री मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होती. म्हणजे आयटीत पंधरा-वीस वर्षं घालवून पंचेचाळिशीकडे झुकलेल्या लोकांवर. धाराशिव जिल्ह्यातून शिकून पुण्याला गेलेली पहिली आयटीवाली पोरंही आता याच वयात आहेत.

अशा वेळी एक पर्याय हमखास पुढे येतो. कळंबला, उमरग्याला, तुळजापूरला घरी यायचं आणि स्वतःची कामं घ्यायची. भाडं वाचतं, अनुभव पदरी असतोच. वयही फारसं आडवं येत नाही. पतसंस्थेला हिशेब जुळल्याशी मतलब, कोड लिहिणाऱ्याच्या पांढऱ्या केसांशी नाही.

अडचण भलतीकडेच निघते. नोकरीत सगळी सॉफ्टवेअर कंपनी देते, लायसन्सचे पैसेही तीच भरते. बाहेर पडल्यावर हा खर्च पहिल्यांदाच स्वतःच्या खिशावर येतो.

फुकट म्हणजे नेमकं काय?

जेटब्रेन्स कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये वेबस्टॉर्म आणि रायडर मोफत केली, पण बिगर-व्यावसायिक वापरासाठी. शिकायला चालतील. भूममधल्या खवा व्यापाऱ्याची वेबसाइट पैसे घेऊन करायची, तर लायसन्स विकत घ्यावं लागतं.

मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या प्रोग्रामरला कमाईच्या कामासाठीही मोफत आहे. इथं मेख वेगळी आहे. ज्या कंपनीकडे २५० पेक्षा जास्त कॉम्प्युटर आहेत किंवा वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरच्या वर आहे, तिचं काम कंत्राटदार म्हणून करताना साधारणपणे ते वापरता येत नाही. १० लाख डॉलर म्हणजे आठ-नऊ कोटी रुपये. एखादा साखर कारखानाही ही रेघ सहज ओलांडतो. आणि पन्नाशीच्या प्रोग्रामरला पहिलं काम बहुतेक वेळा ओळखीतून, म्हणजे जुन्या मोठ्या कंपनीकडूनच मिळतं. नेमका तिथंच तो अडकतो.

क्रॅक व्हर्जन वापरलं तर?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. इथं तर वापर कमाईसाठीच आहे.

मग घ्यायचं काय?

व्हीएस कोड आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस धंद्याच्या कामालाही मोफत आहेत. फक्त व्हीएस कोडमध्ये जोडलेल्या प्रत्येक एक्सटेन्शनचं लायसन्स वेगळं बघा. सी-शार्प डेव्ह किटला व्हिज्युअल स्टुडिओसारख्याच अटी आहेत.

तरीही सगळं फुकटातच भागवायचा हट्ट महागात पडू शकतो. ज्याचा हात पंधरा वर्षं एकाच सॉफ्टवेअरवर बसलाय, त्यानं नवं शिकण्यात दोन महिने घालवण्यापेक्षा वर्षाचं लायसन्स घेतलेलं परवडतं. जेटब्रेन्सच्या बाबतीत बारा महिन्यांचे पैसे भरले, की पुढे वर्गणी थांबवली तरी सुरुवातीची आवृत्ती कायम वापरता येते. हा खर्च कोटेशनमध्येच वेगळ्या ओळीत दाखवावा. मोठ्या कंपन्यांना अशी ओळ नवी नसते. घासाघीस होते ती गावातल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे.