ताठ बसायला तीन वर्षं?

अलेक्झांडर टेक्निकची शिक्षिका व्हायला तीन वर्षं लागतात असं सांगितलं की आमच्या नातलगांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "वा, काहीतरी वेगळं करतेयस!" (म्हणजे काय करतेय ते कळलेलं नाही.) दुसरा तट सरळ विचारतो. मावशी फोनवर म्हणाली, "अगं, तेवढ्यात बी.एस्सी. होतं! आणि शेवटी शिकवणार काय, तर खुर्चीवर बसायला?"

हो, खुर्चीवर बसायला. आणि उठायला :)

मी लंडनमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, सॉफ्टवेअरची बरी चाललेली नोकरी सोडून. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मावशीपेक्षा मलाच जास्त हवं होतं. आता माझं मत पक्कं झालंय. तीन वर्षं जास्त नाहीत, आणि उद्या कोणी हे सगळं सहा महिन्यांत उरकायची सोय काढली तर मी विरोधात असेन.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर १८६९ साली टास्मानियात जन्मला. रंगमंचावर नाट्यउतारे म्हणणं हा त्याचा व्यवसाय, आणि ऐन कार्यक्रमात आवाज बसायचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून विश्रांती घेतली की सुटायचा, म्हणायला उभा राहिला की पुन्हा बसायचा. म्हणजे म्हणताना आपणच काहीतरी करतोय, असं त्याने ताडलं आणि आरशासमोर उभा राहिला. दिसलं ते असं, की तोंड उघडण्याआधीच तो डोकं मागे खेचत होता, गळा दाबत होता आणि तोंडाने धापेसारखा श्वास ओढत होता.

इथवर ठीक. खरी गंमत पुढे आहे. त्याने डोकं पुढे-वर न्यायचं ठरवलं, तसं नेलंय अशी त्याची खात्रीही झाली, आणि आरशात बघतो तर डोकं मागेच! वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे चुकीचंच बरोबर वाटायला लागलेलं असतं. आपलं अंग काय करतंय हे सांगणारी आपली जाणीवच भरवशाची नसते.

आता हे लक्षात घ्या आणि "पोक काढू नकोस, ताठ बस" हे आपलं घरगुती शिक्षण आठवून बघा. ताठ बस म्हटल्यावर पोर काय करतं? छाती काढतं, कंबर आत घेतं, मान आवळतं आणि दोन मिनिटांत दमून पुन्हा पोकात जातं. आधीच्या ताणावर नवा ताण, बस्स. आपल्या भाषेत 'ताठा' हा शब्द गर्वासाठी वापरतात, तो उगीच नाही.

अलेक्झांडरचा मार्ग उलटा आहे. उठायचं म्हटलं की लगेच उठायचं नाही. थांबायचं. मान आवळायची सवय उसळी मारते तिला नकार द्यायचा, मान मोकळी असू दे असं मनात म्हणायचं, आणि मग उठायचं, किंवा न उठायचंही. हे थांबणं म्हणजेच 'इन्हिबिशन'. वाचायला दोन मिनिटं लागतात. करायला... असो.

शिक्षक हे शिकवतो मुख्यतः हातांनी. मानेवर, पाठीवर हलका हात ठेवून. आणि तिथेच वर्षं लागतात. मी तुमच्या मानेवर हात ठेवला आणि 'यांना नीट उठवायचंच' म्हणून माझीच मान आखडली, तर तुमच्यापर्यंत पोचते ती माझी आखडलेली मान. पहिलं वर्ष आम्ही बहुतेक स्वतःवरच घालवलं. खुर्ची, मग टेबलावर डोक्याखाली पुस्तकं घेऊन गुडघे वर करून पडणं, मग पुन्हा खुर्ची. दुसऱ्याला हात लावायची पाळी सावकाश आली, आणि आली तेव्हा माझे हात लाकडी झाले होते.

अलेक्झांडरने शिक्षक घडवण्याचा पहिला वर्ग १९३१ साली लंडनला अ‍ॅशली प्लेसमध्ये सुरू केला, तोही तीन वर्षांचा. त्याच्या शिक्षकांनी १९५८ साली संस्था काढली. पारंपरिक माप म्हणजे तीन वर्षांत १६०० तास, त्यातले बहुतेक प्रत्यक्ष कामाचे, आणि दर पाच विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक.

एका ब्लॉगर मित्राचा सवाल होता की योगशिक्षक २०० तासांत होता येतं, मग तुम्हालाच काय सोनं लागलंय? सोनं नाही रे. पण आसन करून दाखवता येतं, समोरचा बघून करतो. इथे दाखवण्यासारखं फार थोडं असतं. तबल्याचे बोल पाठ करायला किती दिवस लागतात आणि हात बसायला किती, हे तुलाच माहीत.

दुसरं असं, की ब्रिटनमध्ये कायद्याने ही पाटी कोणालाही लावता येते. दुखरी पाठ घेऊन येणाऱ्या माणसाला पाटीमागचे तास दिसत नाहीत. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५७९ रुग्णांवरची चाचणी आली होती. वर्षानंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात महिन्याचे २१ दिवस पाठदुखीचे, तर २४ लेसन घेतलेल्यांत ३. हा आकडा आम्ही सगळेच मिरवतो. पण तो तयार झालेल्या शिक्षकांच्या हातांचा आहे. कोर्स कापून तोच आकडा मिरवणं ही फसवणूक होईल. (आणि पाठदुखीवरचा आकडा दाखवून दम्यापासून नैराश्यापर्यंत सगळं बरं करतो म्हणणारे आमच्यात आहेतच. त्यांनाही हेच सांगणं.)

मावशीच्या प्रश्नात एक भाग मात्र खरा आहे, पैशाचा. तीन वर्षं फी भरायची आणि दिवसाचे मोक्याचे तास वर्गात, म्हणजे धड नोकरीही नाही. माझ्याकडे शिल्लक होती आणि नवऱ्याचा पगार आहे. ज्याच्याकडे हे नाही तो येऊच शकत नाही, मग शिक्षक थोडे, लेसन महाग, आणि ज्यांच्या पाठी ओझी उचलून गेल्यात ते बाहेरच. यावर उपाय तास कमी करणं हा नव्हे. तेच १६०० तास पाच-सहा वर्षांत पसरा, संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग ठेवा, फीचे हप्ते करा. आमच्या वर्गात मी हे बोलून दाखवलं, तर संध्याकाळी शिकवायला येणार कोण, असा प्रश्न आला. मी हात वर केलाय, पास झाल्यावर.