पेन्सिलीची लाज कुणाला?

‘एवढ्या खुणा? म्हणजे अजून बसलेलं नाही वाटतं!’ माझ्या स्टँडवरचा कागद पाहून एक गायक मित्र म्हणाला आणि खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. घरी मानकोलीला येईपर्यंत मात्र चांगलाच चिडलो होतो. हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही, म्हणून आज लिहितोय.

मी बसून वाजवतो. (वाद्याचं नावच ते आहे. ‘मग कधी उभं राहून वाजवा’ हा विनोद मी पुरेसा ऐकला आहे.) सनईसारखीच दुहेरी पत्ती, पण नळी साधारण अडीच मीटरची, दुमडलेली, आणि आवाज खर्जातला. नाक्यावर रात्रभर गोदामांचे कंटेनर मागे घेतात, त्यामुळे शेजारी माझी तक्रार करत नाहीत. रियाजाला याहून बरी जागा मला ठाऊक नाही.

त्या कागदावर बेथोवनच्या चौथ्या सिंफनीचा शेवटचा भाग होता. त्यात बसूनला एकट्याने वाजवायच्या काही ओळी आहेत. बेथोवनने १८१७ साली दिलेली लय धरली तर मिनिटाला ६४० स्वर होतात, म्हणजे सेकंदाला दहाहून जास्त. जिभेने ‘त-क त-क’ करत हे काढायचं, आणि ऐकणाऱ्याला मात्र ते सहज वाटलं पाहिजे. डाव्या अंगठ्याकडे एकट्याकडे आठ-नऊ कळा असतात. मधल्या सप्तकातल्या काही स्वरांना त्याने वरच्या कळीला क्षणभर स्पर्श केला नाही, तर स्वर फाटतो. त्या जागी मी ‘टि’ लिहितो, टिचकीचा टि. श्वासाला स्वल्पविराम. जिथे नेहमी घाई होते, तिथे चष्म्याचं चित्र. जगभरचे वादक ते काढतात. आणि समासात लय व तारीख.

आता मित्राच्या बाजूने. ख्याल गाताना कागद लागत नाही, हे खरंच. तिथे पुढचा स्वर गाणाऱ्याला त्या क्षणी सुचायचा असतो. मला मात्र साठ-सत्तर जणांबरोबर ठरलेला स्वर ठरलेल्या क्षणी द्यायचा आहे. खुणांची गर्दी झाली की खालचे स्वर दिसेनासे होतात, हेही कबूल. काम झालेल्या खुणा मी खोडतो.

पण ‘विद्या गुरुमुखातूनच, कागद मेलेला’ हे ऐकून घेणार नाही. भातखंड्यांनी कोमल स्वराखाली रेघ आणि मंद्र स्वराखाली टिंब देऊन शेकडो बंदिशी छापल्या, म्हणून त्या घराण्याबाहेरच्या मुलांच्या हाती पडल्या. आपण बंदिश लिहिली, रियाज मात्र लिहिला नाही. गळा कुठे अडखळला, कोणती तान आधी ठाय लयीत घोटली, शेवटचे चार स्वर आधी पक्के करून मागे मागे कसं जायचं, हे शिष्याने घरात राहून पाहायचं. ज्याला ते घर मिळालं नाही, त्याला नुसतं फळ दिसतं. मग त्याला सांगतात, दैवी देणगी आहे! कष्ट लपवण्याचा फायदा ज्यांना होतो, त्यांनाच ही भाषा आवडते.

मला जवळपास बसूनचा शिक्षक मिळाला नाही. टिचकी कुठे मारायची, हे मी एका अनोळखी वादकाच्या प्रतीच्या झेरॉक्सवरून शिकलो; त्याची पेन्सिल पुसट उमटली होती. ऑर्केस्ट्रा भाड्याने आणतात त्या प्रती खुणा पुसून परत करायच्या असतात. नियम रास्त आहे, पुढच्याला कोरा कागद मिळायला हवा. फक्त खोडरबर चालवण्याआधी एक फोटो काढा आणि शिकणाऱ्याला द्या.

माझी प्रतही कुणीही मागावी. अजून मी मिनिटाला ६४० वर पोचलेलो नाही, ५७६ लाच अंगठा अडकतो. तेही समासात लिहिलेलं आहे, तारखेसकट.