चिप माझी, कुलूप त्यांचं

आधीच सांगून टाकतो. लॅपटॉपचा बायोस बदलण्याच्या नादात मी माझा लॅपटॉप एकदा मारलेला आहे. त्यामुळे 'असले उद्योग करू नयेत, धोका असतो' हे मला कोणी शिकवायची गरज नाही. धोका कसा दिसतो ते मला माहीत आहे: पंखा फिरतो, पॉवरचा दिवा लागतो आणि स्क्रीन काळीच राहते. तरीही माझं म्हणणं आहे की ग्राफिक्स कार्डाचा वेग किती असावा, हे ठरवायचा शेवटचा हक्क ज्याने पैसे मोजले त्याचा असला पाहिजे. आणि तो हक्क आपल्याकडून 'सुरक्षितते'च्या नावाखाली काढून घेतला गेलाय, हे सरळसरळ खोटं कारण आहे.

गोष्ट २०१९च्या जुलैतली. मी रेवदंड्याला घरी होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या आणि प्रत्येक दुसऱ्या होडीचं इंजिन उघडलेलं. आमच्या काकाच्या होडीतलं इंजिन मुळात ट्रकसाठी बनलेलं. मिस्त्रीने ते समुद्राच्या पाण्यावर थंड होईल असं करून बसवलं, त्याचा पंप बदलला, डिझेल किती सुटावं हे स्वतःच्या कानाने ठरवलं. हे त्याने कोणाला विचारून केलं, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "इंजन कोनाचा? नाखव्याचा. मंग कंपनीला इचाराचा कशाला?"

त्याच पडवीत मी माझं इंजिन उघडून बसलो होतो. पुण्यातल्या हॉस्टेलच्या एका सिनियरकडून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप, आत एनव्हीडियाचं जीटीएक्स ९५०एम. या कार्डातली चिप जीएम१०७, तिच्यात ६४० कोअर, मूळ वेग ९१४ मेगाहर्ट्झ. आता गंमत बघा. त्याच मार्च २०१५ महिन्यात आलेलं, वरच्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये बसणारं जीटीएक्स ९६०एम. त्यातही चिप जीएम१०७, कोअर ६४०, मूळ वेग १०९६. वर्षभर आधी डेस्कटॉपसाठी आलेलं ७५० टीआय? तेच जीएम१०७, तेच ६४०. एकाच चिपला तीन नावं आणि तीन किमती.

बरं, वेग वाढवायची सोय दिलेली होती. पण लॅपटॉपच्या कार्डांवर एक मर्यादा लिहिलेली होती: जास्तीत जास्त १३५ मेगाहर्ट्झ वाढवा. ९१४ अधिक १३५ म्हणजे १०४९. म्हणजे सगळा जोर लावला तरी माझं ९५०एम थोरल्या भावाच्या ४७ मेगाहर्ट्झ खालीच राहणार. हा आकडा कुठल्या तापमानावरून काढलाय? कुठल्या सर्किटच्या ताकदीवरून? माझ्या मते हा आकडा दुकानातल्या रॅकवरून काढलाय. खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढू नये, एवढंच त्याचं काम.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. चिपा बनवताना सगळ्या सारख्या निघत नाहीत. काही थोड्या कमी दमाच्या असतात आणि त्या कमी वेगावर विकल्या जातात. हे खरं आहे आणि यात काही गैर नाही. पण कुठली चिप कमी दमाची म्हणून खाली आली आणि कुठली नुसती किमतीसाठी खाली बसवली, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. ते शोधायचा एकच मार्ग उरतो, चालवून बघणं. आणि नेमका तोच बंद.

ही मर्यादा जिथे लिहिलेली असते तो व्हीबायोस. म्हणजे ग्राफिक्स कार्ड जागं होताना सगळ्यात आधी वाचतं तो छोटा प्रोग्रॅम: वेग किती, व्होल्टेज किती, किती वॅटपर्यंत जायचं, किती तापल्यावर थांबायचं. माझ्या लॅपटॉपमध्ये तो वेगळा नव्हताच, अख्ख्या लॅपटॉपच्या बायोसच्या पोटात होता. म्हणजे कार्डाचा आकडा बदलायचा तर पूर्ण मशीनचा बायोस पुन्हा लिहायचा. बॅटरी मेलेली असेल तर लिहू नका, असं ते सॉफ्टवेअर बजावत होतं. मी तो इशारा बाजूला सारला, कारण बॅटरी खरोखरच मेलेली होती आणि मी बावीस वर्षांचा होतो. अर्धं लिहून झालं आणि रेवदंड्यात जुलैत जे होतं ते झालं. लाइट गेली.

पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद. म्हणून एसटीने अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल असा खड्डे मोजत मुंबईत आणि तिथून लॅमिंग्टन रोडला. तिथल्या पोटमाळ्यावरच्या एका दुकानात एका माणसाने आठ पायांच्या चिपवर चिमटा लावला आणि मी पेनड्राइव्हवर आणलेला मूळ बायोस पुन्हा लिहिला. काम वीस मिनिटांचं, पैसे बाराशे. तो म्हणाला, बॅकअप घेतला होतास म्हणून वाचलास, निम्मे लोक बॅकअपशिवाय येतात. मग मी त्याला विचारलं, आता बदललेली फाइलही तुम्हीच टाकाल का? त्याने टाकली. लॅपटॉप १०९६वर चालू झाला. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं, जीटीए जी आधी अडखळत होती ती खेळण्यासारखी झाली. पुढची दोन वर्षं तो तसाच चालला. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा तो जाळ्यांबरोबर प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळून ठेवला होता. घरावरची कौलं गेली, लॅपटॉप राहिला. (वीज नंतर इतके दिवस नव्हती की वेगाचा प्रश्नच मिटला.)

तर, चूक माझी होती आणि तिची किंमत मी दिली. बाराशे रुपये आणि दोन दिवसांची एसटी. मालकी म्हणजे हेच असतं.

आता कंपनीच्या बाजूचा इतिहास. फेब्रुवारी २०१५मध्ये एनव्हीडियाने नवीन ड्रायव्हर काढून ९००एम मालिकेच्या लॅपटॉप कार्डांवरचं ओव्हरक्लॉकिंगच बंद करून टाकलं. म्हणजे लोकांनी विकत घेतलेल्या वस्तूतली चालू सोय, अपडेटच्या नावाखाली. वर स्पष्टीकरण असं की मुळात ती सोय चालू होती हीच चूक होती, लॅपटॉप त्यासाठी बनलेले नसतात. गिऱ्हाइकं भडकली आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सोय खरोखर जीवघेणी असती तर आरडाओरड्याने ती परत दिली असती का? गॅस सिलेंडरचा व्हॉल्व्ह लोक ओरडले म्हणून कोणी ढिला करत नाही.

पण धडा कंपनीने घेतला. मात्र तो आपण देत होतो तो नव्हता. २०१६मध्ये आलेल्या पास्कल पिढीपासून कार्ड आपला फर्मवेअर वाचण्याआधी त्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतं. एक बाइट बदलला तरी सही जुळत नाही, कार्ड ती फाइल नाकारतं. ड्रायव्हर मागे घेता येतो. सिलिकॉनमध्ये बसवलेला पहारेकरी मागे घेता येत नाही.

या सहीचा फटका फक्त गेम खेळणाऱ्यांना बसला असं समजू नका. लिनक्सवर एनव्हीडियाच्या कार्डांसाठी नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिलाय. दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून वेग बदलणारा फर्मवेअरही सहीचा झाला आणि नूव्होवाल्यांचे हात बांधले गेले. जास्तीचा वेग तर सोडाच, कार्डाचा स्वतःचा, खोक्यावर छापलेला वेगसुद्धा त्या ड्रायव्हरला मिळेना. कार्ड सुरू होताना ज्या मंद वेगावर जागं होतं त्यावरच रखडायचं. यात कोणाची सुरक्षितता होती, मला कोणी समजावून सांगावं.

आता माझ्या चुलतभावाचा लॅपटॉप, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. २०२२मध्ये त्याने पनवेलच्या दुकानातून हप्त्यांवर घेतला, आरटीएक्स ३०५०वाला. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, फावल्या वेळात गेम. त्याच्या मित्राकडेही ३०५०च आहे, पण मित्राचं रेंडर खूप आधी संपतं. आम्ही दोघांच्या एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडली. मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर नावाची एक ओळ असते तिथे. मित्राचं ८० वॅट, ह्याचं ६०. तुम्हीही आत्ता बघा, थांबतो मी.

लॅपटॉपचं आरटीएक्स ३०५० हे ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कुठेही बसवता येतं. आरटीएक्स ४०६० हे ३५पासून ११५पर्यंत. नाव एक, स्टिकर एक. पूर्वी निदान कमी ताकदीच्या कार्डाला मॅक्स-क्यू असं शेपूट असायचं. २०२१च्या सुरुवातीला ३० मालिका आली तेव्हा ते शेपूटही गळालं. टीका झाल्यावर फेब्रुवारी २०२१मध्ये एनव्हीडियाने सांगितलं की लॅपटॉप बनवणाऱ्यांनी वॅट आणि वेग आपल्या वेबसाइटवर द्यावेत. वेबसाइटवर! पनवेलच्या दुकानात वीस हजार डाउन पेमेंट भरताना ते पान कोण उघडतं? आमची काकी रोज बाजारात बसते. ती वाट्यावर मासे विकते, वजनकाट्याशिवाय. पण वाटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मांडलेला असतो, बोटाने उलटून बघता येतो. टोपलीवर झाकण ठेवून 'सुरमई आहे, घेऊन जा, केवढी ते घरी गेल्यावर कळेल' असं ती म्हणाली तर लोक तिचं काय करतील?

यावर नेहमीचं उत्तर येतं: पातळ लॅपटॉपचा कूलर ८० वॅटची उष्णता बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ६०. शक्य आहे. मग खोक्यावर ६० छापा. आणि दुसरं, उष्णतेचीच काळजी असेल तर त्यासाठी तापमानाची मर्यादा आहेच. चिप ठरावीक अंशांना पोचली की स्वतः वेग उतरवते, अजून तापली तर बंद पडते. ती मर्यादा मला मान्य आहे, तिला हात लावणाऱ्याला मी मूर्ख म्हणेन. वॅटची मर्यादा मात्र तापमान विचारतच नाही. जानेवारीतल्या पहाटे, खाली कूलिंग पॅड लावून, चिप ६५ अंशांवर आरामात असतानाही ती ६०वरच अडते. हां, अ‍ॅडॉप्टर आणि आतलं पॉवर सर्किट जास्त भाराने जळू शकतं, ते प्रत्येक ठिकाणी तापमान मोजत नाही, हा खरा मुद्दा आहे. पण जळलं तर माझं जळेल. वॉरंटी नाकारा त्या भागाची, मी तक्रार करणार नाही.

सहीच्या बाजूने एकच दमदार युक्तिवाद आहे, तो व्हायरसचा. फर्मवेअरमध्ये घुसलेला व्हायरस विंडोज पुन्हा टाकूनही जात नाही. आणि आपले मॉडिंगवाले यूट्यूबर ज्या बेफिकिरीने कुठल्यातरी ड्राइव्हवरची फाइल 'फुकटात एफपीएस' म्हणून वाटतात, ते बघता ही भीती पोकळ नाही. तसली फाइल मी कधीच टाकणार नाही, तुम्हीही टाकू नका. पण यावरचा उपाय जुना आहे. सुरुवातीच्या क्रोमबुकांमध्ये फर्मवेअर लिहिण्यापासून रोखणारा एक स्क्रू असायचा. झाकण उघडून तो स्क्रू काढला की मशीन तुमचं. नाही काढला तर कुलूपबंद. इंटरनेटवरून येणाऱ्या व्हायरसला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही. मालकाला येतो. एका स्क्रूचा खर्च वाचवायला ही कुलपं लागलेली नाहीत.

आपल्याकडे कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना देत नव्हत्या. जुलै २०२२मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं. पण ती सगळी भाषा सुट्या भागांची आणि मॅन्युअलची. फर्मवेअरवरची सही हाही एक सुटा भाग आहे, जो फक्त कंपनीकडे मिळतो आणि कंपनी विकत नाही, हे अजून त्या चर्चेत आलेलं नाही.

आणि कुलपाची सवय लागली की ती फर्मवेअरवर थांबत नाही. चुलतभावाचा लॅपटॉप आठ महिन्यांत भट्टीसारखा तापायला लागला. आमच्या किनाऱ्यावर हवेतच मीठ आहे. सायकलच्या साखळीचं जे होतं तेच हीटसिंकच्या पात्यांचं होतं. त्याने मागचं झाकण काढून ब्रश मारला. महिन्याभराने कीबोर्डच्या काही कळा गेल्या. सर्व्हिस सेंटरवाल्याने उलटं करून स्क्रूवरचा फाटका स्टिकर बघितला आणि वॉरंटी संपल्याचं सांगितलं. कीबोर्डचा आणि हीटसिंकच्या साफसफाईचा संबंध काय, या प्रश्नाला त्याने पॉलिसी हा एक शब्द दिला. अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने असल्याच स्टिकरांबद्दल एप्रिल २०१८मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली होती. ते त्याला सांगून काय उपयोग होता? तो बिचारा पगारी माणूस.

कीबोर्ड शेवटी लॅमिंग्टन रोडलाच बदलला, त्याच पोटमाळ्यावर. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघांनी पडवीत बसून लॅपटॉप पुन्हा उघडला. तांब्याच्या नळीवर हिरवट पापुद्रा होता आणि पात्यांमध्ये पांढरं काहीतरी साचलेलं, दातांच्या ब्रशने निघालं. नवीन पेस्ट लावली. रेंडरच्या वेळचं तापमान ८७वरून ७६वर आलं. मग त्याने कंट्रोल पॅनल उघडून ती ओळ पुन्हा बघितली. ६० वॅट.