मारहाणीचे सोंग

गेल्या बैठकीत मी आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बायकांना हौसाताई पाटलांची गोष्ट सांगितली. हौसाताई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. २०२१ साली त्या वारल्या.

साल १९४३. जगात महायुद्ध चालू होते आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात भूमिगतांचे प्रतिसरकार उभे राहिले होते. त्यांना शस्त्रे हवी होती. भवानीनगरच्या पोलीस चौकीपुढे हौसाताई आणि एक साथी नवरा-बायको बनून भांडू लागले. त्याने त्यांना खरोखरच मारले. पोलीस सोडवायला आले, समजूत घालू लागले. तेवढ्यात बाकीच्या साथींनी चौकीतल्या बंदुका पळवल्या. 'इतके कशाला मारलेस?' म्हणून हौसाताई नंतर त्या साथीवर चिडल्या.

आम्ही पोट धरून हसलो. मग कांदे निवडायला जाणारी एक बाई म्हणाली, "नवरा बायकोला मारतोय, यात कुणाला संशय येणार?" हसणे थांबले.

तिचे बरोबर होते. बायकोला होणारी मारहाण इतकी रोजची होती, म्हणूनच ते सोंग खपले. हौसाताईंच्या धैर्याला माझा सलाम आहे. पण त्या पोलिसांची समजूत घालणे मला ओळखीचे वाटते. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. तरी आम्ही कुणाला घेऊन चौकीत गेलो, की पहिले वाक्य तेच असते: 'घरचे आहे, घरीच मिटवा.'

हा प्रसंग इतिहासात चातुर्य म्हणून सांगतात. आपण तो पुरावा म्हणूनही सांगायला हवा.